नटलेली भिंत

जुन्या वास्तूंचे नकाशे करणारी वृषाली कॅमेरा घेऊन गाडीतून उतरली आणि जागीच थबकली. महिला वाचनालयाची दर्शनी भिंत पांढऱ्या ऑइलपेंटने चकाकत होती.

"फोटो काढायला येणार म्हणालात, म्हटलं जरा नटवू या," अध्यक्षा कुमुदताई कौतुकाने म्हणाल्या.

"ताई, फोटो जुळवून कॉम्प्युटर भिंतीचं अचूक माप काढतो. त्याला डाग, भेगा, काहीतरी खुणा लागतात. कोऱ्या भिंतीवर तो आंधळा होतो." वारसा म्हणून नोंद होण्यासाठी उद्या पालिकेत नकाशा पोचला नाही, तर रस्तारुंदीत ही जुनी भिंत पडणार होती.

जमलेल्या वाचनालयाच्या बायकांचे चेहरे उतरले. कुमुदताई मात्र समोरच्या बांगड्यांच्या दुकानात शिरल्या आणि टिकल्यांची पाकिटं घेऊन आल्या. "या खुणा चालतील?"

"पळतील! फक्त रांगेत नको, विखरून लावा."

शिड्या लागल्या.

"काय हो, मुलगी दाखवायची आहे का?" रस्त्यावरून कुणीतरी टोमणा मारला.

"मुलगीच आहे आमची!" शिडीवरून उत्तर आलं.

दाराची नक्षीदार कमान तेवढी उरली आणि पाकिटं संपली. कुमुदताईंनी कपाळावरची टिकली काढून कमानीवर दाबली. खालच्या बायकांनीही आपापल्या टिकल्या वर दिल्या.

संध्याकाळी फोटो जुळून वृषालीच्या लॅपटॉपच्या पडद्यावर भिंत उभी राहिली, कमानीसकट, नक्षीच्या पाकळीन् पाकळीसकट. वृषालीने नकाशा पाठवून दिला.

कुमुदताईंना न्यायला आलेले यजमान दचकले. "अगं, टिकली कुठंय तुझी?"

कुमुदताईंनी ताठ मानेने पडद्यावर बोट ठेवलं. "ही काय. दारावर, मधोमध."