मुद्दाम केलेली चूक

जयपूरच्या त्या शाळेत देवदत्त सर फळ्यावर मुद्दाम चूक करायचे आणि कुणीतरी ओरडेपर्यंत पुढे जायचेच नाहीत. ऑनलाइन धड्यांच्या रेकॉर्डिंगमध्येही सवयीने तेच झालं. वेळ वाचवायला कुणीतरी ते थांबणं आणि नंतरची दुरुस्ती कापून टाकली. पुढच्या वर्षी शाळेने सरांनाच काढलं. चौथीला आता त्यांचं रेकॉर्डिंग शिकवतं.

अनुभवाचा दाखला न्यायला आलेले सर वर्गाच्या खिडकीशी थबकले. पडद्यावर त्यांच्याच अक्षरात होतं, सात आठे चोपन्न.

“सरजी, छप्पन्न!” एक मुलगी उठून ओरडली. पडद्यावरचे सर थांबले नाहीत.

“शाब्बास, बेटा! छप्पन्नच!” सर बंद काचेवर थापा मारू लागले.

“सरजी, चलिए ना,” म्हणत चौकीदाराने त्यांना ओढलं.

आत त्या मुलीने वहीतलं छप्पन्न खोडलं आणि निमूटपणे चोपन्न लिहिलं.