पुस्तक मिटल्यावर

जबलपूरहून कुंडमच्या मुलींच्या शाळेपर्यंतचा रोजचा बसप्रवास विनताताईंना आता सोसवत नव्हता. तरी दरवर्षीप्रमाणे त्यांनी आठवीच्या वर्गात आपली आवडती आत्मकथा वाचायला घेतली. शिकण्यासाठी गावाच्या धमक्यांपुढे ताठ उभ्या राहिलेल्या मुलीची हकिकत आज त्यांच्या तोंडून कशीबशी निघत होती. लेकीला शिकायला नागपूरला पाठवायचं नाही असं नवऱ्याने सकाळीच ठरवून टाकलं होतं आणि त्या मुकाट्याने डबा भरत राहिल्या होत्या. “दीदी, आप कभी किसी से भिड़ीं?” मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. विनताताईंनी पुस्तक मिटलं. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. “नहीं,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसून त्यांनी नवऱ्याला फोन लावला. “चिन्मयी नागपूरला जाईल.” “शाळेतून काहून बोलून राहिली? घरी ये, मग पाहू.” “घरी माझी हिंमत होत नाही. इथं चाळीस जणी सोबत आहेत.”