आईचा लॅपटॉप

“परत उघडलास तो? इथे ब्रेड कापायचा असतो रे.” टेबलावर पसरलेले स्क्रू बघून हेडविग पुटपुटली.

“शेवटचंच, आई. लॅपटॉपला जरा मोठा पडदा बसवतो.”

“मागच्या वेळीही शेवटचंच होतं.”

हेनिंग ओशाळला. हेडविगला ऐकू येत नसे. चिलीतल्या बहिणीशी, इर्मेलशी, ती पडद्यावर तिचे ओठ बघून बोलायची. बाजारातला, आत काही बदलता न येणारा बंद डबा नको म्हणून हेनिंगने हा खुल्या, कुणालाही वापरता येणाऱ्या आराखड्याचा लॅपटॉप स्वतः जोडला होता. ठसठशीत बटणं, अक्रोडाच्या लाकडाचं झाकण. बर्लिनमधल्या त्याच्या हौशी मंडळाच्या रीतीप्रमाणे त्याने एकूणएक बदल इंटरनेटवर जगासाठी मांडून ठेवला होता.

“लिस्बनमधल्या एकाने माझ्या आराखड्यावरून आपल्या आईला असाच करून दिला,” तो तिच्याकडे तोंड वळवून म्हणाला. “म्हातारी रोज नातवंडांशी बोलते म्हणे. रविवारी तूही बोल मावशीशी.”

हेडविगने घरंगळलेला एक स्क्रू उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.



“इर्मेल ईस्टरलाच गेली, बाळा. तुला लागेल म्हणून कुणी बोललं नाही. तेव्हाही हा असाच उघडा पडला होता, तिला शेवटचं बघणंही झालं नाही.”