उरलेली चप्पल

जिंतूरजवळच्या सागाच्या रानात, तळ्याकाठी उद्यान झालं, तेव्हा तिथले बोर्ड सांभाळणाऱ्या धम्मानंदनं पहिल्याच दिवशी एक शिस्त घालून दिली. पॅडलबोर्डवर, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या तरंगत्या फळीवर, अनवाणी उभं राहायचं असतं, म्हणून प्रत्येकानं चप्पल काठावर काढून जायचं. संध्याकाळी काठावर चप्पल उरली, तर पाण्यात माणूस उरला असं समजायचं.

आज सहा बोर्ड गेले आणि सहाही परत आले. माणसं चपला घालून गाड्यांकडं गेली. तरी एक जोड उरलाच.

"कुणाची हाय हो दादा?" तिकिटं फाडणाऱ्या संघप्रियानं विचारलं.

"काय की. मी बघून येतो, तू हितंच थांब."

धम्मानंदनं आपली चप्पल त्या जोडाशेजारी काढली आणि बोर्ड पाण्यात लोटला. तळ्याच्या मधोमध जाऊन शिट्टी फुंकली, वल्हं आडवं धरून ऐकत राहिला. पाण्यावर चिटपाखरू नव्हतं.

त्यानं वळून पाहिलं. काठावर आता एकच जोड होता, आणि तो त्याचा नव्हता.

संघप्रिया फाटकाशी पोचली होती. तिच्या शेजारून कुणीतरी धम्मानंदची चप्पल घालून ओली पावलं टाकत चाललं होतं. धम्मानंदनं जिवाच्या आकांतानं हाक मारली. ती थांबली, थेट त्याच्याकडं, पण रिकाम्या पाण्याकडं बघावं तशी बघत राहिली.

"पाण्यात कुणी राहिलं न्हाई ना दादा?" तिनं शेजारच्याला विचारलं. पाण्यावरून शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"न्हाई," धम्मानंदच्याच आवाजात उत्तर आलं. "लाव कुलूप."