माइकचा पाळणा

शेवटचा स्क्रू घट्ट बसला आणि पद्मनाभ हेब्बारने कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. माइक धरणारा मूळचा प्लास्टिकचा होल्डर टेबलावर मरून पडला होता. त्याच्या जागी आता धातूचं जाडजूड कडं होतं, आणि कॅमेऱ्याचा धक्का पोचू नये म्हणून त्यात रबरांवर माइक झुलत होता.

"लेकीचा पाळणा बांधताना इतकं निरखलं नव्हतंत," बायको वनजा म्हणाली.

"लेकीच्या रडण्यात खटखट नव्हती."

ही खटखट म्हणजे त्याचं जुनं दुखणं. कुंदापूरच्या पंचक्रोशीत कुठेही ताळमद्दळे असली, की पद्मनाभ कॅमेरा घेऊन हजर. ताळमद्दळेत वेष नाही, नाच नाही. मद्दळे या मृदंगासारख्या वाद्याच्या साथीत धोतर-उपरण्यातली माणसं मांडी घालून बसतात आणि राम नि वाली होऊन शब्दांनी भांडतात. तिथे आवाज हेच सगळं. आणि याच्या चित्रीकरणात, नेमकं रंगात आलं असताना, खट्, खट्! लोक त्याला सुतारपक्षी म्हणत. तो प्लास्टिकला शिव्या देई, खाऱ्या हवेला देई, समोर सापडेल त्याला माइकचं शास्त्र ऐकवी. आपल्याइतकं हे कुणाला कळत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

आज मात्र चेष्टेचा दिवस नव्हता. त्याचे वडील ईश्वर हेब्बार ताळमद्दळेला शेवटचे बसणार होते. घसा साथ देईना. जन्मभर वाली बोललेल्या त्या माणसाचं एकही स्वच्छ रेकॉर्डिंग मुलाकडे नव्हतं. शिवाय वडिलांनी त्याच्या कामाला कधी 'बरं केलंस' म्हटलं नव्हतं. केस पांढरे झाले तरी पद्मनाभला ते ऐकायचं होतं.

दुपारी देवळाच्या सभामंडपात वाली बोलू लागला.

"झाडाआडून बाण मारलास, ते राहू दे, रामा. आता तरी पुढे ये. ज्याला मारलंस त्याला तुझं तोंड बघू दे!"

मंडपात पदर डोळ्यांना लागले. पद्मनाभचे डोळे असे भरून आले, की चौकटीत राम आहे की खांब, हेही त्याला कळेना.

संध्याकाळी त्याने घरी वडिलांना ते ऐकवलं. आवाज धुतल्यासारखा स्वच्छ होता. वडील डोळे मिटून ऐकत होते. वालीचा तो सवाल आला, गेला. वडिलांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा उतरला. तरीही त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"काय अप्पय्या?" पद्मनाभ छाती पुढे काढून म्हणाला. "एक खटका ऐकू आला तर मिशी काढीन."

"तेच तर. आज माझा वाली फसला का रे?"

"फसला? मंडप रडत होता!"

"मंडपाचं नको सांगूस. रेकॉर्डिंगमध्ये येईल म्हणून तुला 'वाहवा' म्हणायची चोरी. मग जागा रंगली की तुझं बोट कॅमेऱ्यावर वाजतं. इतकी वर्षं मी तेवढंच ऐकायला बसतो." वडिलांनी नजर दुसरीकडे वळवली. "आज एकदाही नाही आवडलं तुला?"