दोनच नंबर

आमच्या डोंगरातल्या दगडी घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून नवऱ्याने, अ‍ॅलिस्टरने, ब्रॉडबँडला जोडायचा रेंजचा डबा आणला. त्यात नोंदवलेल्या नंबरांनाच घरात रेंज मिळते.

"दोनच नंबर घातलेत, तुझा नि माझा," तो म्हणाला. त्याचा फोन घरभर वाजतो. मी मात्र आईशी बोलायला पावसात मेंढ्यांच्या फाटकावर चढते. वर त्याचं ऐकायचं, "तुझा फोनच भंगार, त्याला मी काय करू?"

काल त्याच्या ऑफिसातली इश्बेल पहिल्यांदाच आमच्याकडे चहाला आली. स्कोनला लोणी लावतानाच तिच्या पर्समधला फोन खणखणला.



मी डब्याची वायर उपटली. "आता दोघंही फाटकावर जा," म्हटलं, "तिथे सगळ्यांना रेंज मिळते."