दीपालीची चौकशी

कांताबाई ओलं खोबरं मागायला आल्या आणि सुशीलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पोह्यांवर खोबरं पेरण्याइतके खास पाहुणे समोरच्या फ्लॅटमध्ये आजवर आले नव्हते.

"कोण येतंय?"

"नागपूरचे आहेत. दीपालीशी बोलायचंय म्हणतात," असं म्हणून कांताबाईंनी जीभ चावली. "ह्यांनी बजावलंय, ठरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही."

भीमराव होतेच तसे. त्यांच्याकडे नवा फ्रीज येतोय, हेसुद्धा तो जिन्यात अडकल्यावर शेजाऱ्यांना कळलं होतं.

सुशीलाबाई तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. सदाशिव पेठेतली जागा सोडून हडपसरला आल्या, पण जीभ पेठेतलीच राहिली, असं सोसायटीत म्हणत. भीमरावांची लेक दीपाली ही त्यांची शेवटची हुशार विद्यार्थिनी. यंदा बारावी झाली आणि इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात तिला कॉम्प्युटरच्या पदवीला प्रवेशही मिळाला. पण फीचा आकडा बघितल्यापासून भीमराव गप्प झाले ते झालेच. आसपास आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती भराभर चढत होत्या आणि ही पोरगी घरात बसून होती. बाईंना ते सहन होत नव्हतं.

आणि आता हे पोहे.

खोबऱ्याची वाटी घेऊन त्या स्वतःच समोर गेल्या. दीपाली आईची निळी साडी नेसून आरशासमोर उभी होती. निऱ्या सुटतील या भीतीने तिने त्या हाताने धरून ठेवल्या होत्या.

"साडी कशाला?"

"बाबा म्हणाले, जरा मोठी दिसशील."

"तुला हे हवंय का? खरं सांग."

"हो बाई. खूप." दीपालीने नजर वर केली नाही. "फक्त मी त्यांना पसंत पडले पाहिजे."

बाईंचा जीव तुटला. भर वर्गात फळ्यावरची आपली चूक दाखवणारी हीच का ती मुलगी, असं त्यांना वाटलं. त्या घरी परतल्या.

दहाच्या सुमारास पाहुणे आले. नागोराव आणि त्यांची बायको चंद्रभागाबाई. जयभीम झाला, पोहे झाले. दोन्ही घरांची दारं उघडी होती, त्यामुळे बाईंना कान द्यायला फारसे कष्ट पडले नाहीत. पाहुण्यांचा मुलगा इंग्लंडात डॉक्टर होता. तिकडे त्याचं स्वतःचं घर होतं. "पोरगी आधी त्याच्याच घरी जाईल," नागोराव सांगत होते, "काळजीचं कारण नाही."

"वा," बाई स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे इंग्लंडला जायचं, पण पोळ्या लाटायला."

तेवढ्यात भीमराव दारात आले. "बाई, पाहुण्यांना तुमच्याशी बोलायचंय. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी केल्याशिवाय ते काही ठरवत नाहीत. आमच्यासमोर नको म्हणतात." मग ते घुटमळले. "जे असेल ते सांगा."

"तेच सांगणार आहे," बाई म्हणाल्या.

चंद्रभागाबाई येऊन खुर्चीत बसल्या आणि एकदम मुद्द्यावर आल्या. "मुलगी स्वभावाने कशी आहे?"

खोटं बोलायचं नाही, हे बाईंचं ठरलेलं होतं. पण खरं कसं वाढायचं, हे वाढणाऱ्याच्या हातात असतं.

"हट्टी आहे," त्या म्हणाल्या. "गणित सुटलं नाही तर जेवायला उठत नाही. आई हाका मारून थकते."

"मोठ्यांचं ऐकते का?"

"पटलं तर. नाही पटलं तर वाद घालते. मी शिक्षक, पण मलाही सोडत नाही."

"स्वयंपाक येतो?"

"वरणभात. तोही एका हातात पुस्तक धरून. करपला तर तसाच खाते."

चंद्रभागाबाईंच्या कपाळाला आठी पडली. "आणि घरापासून लांब राहायचं म्हटलं तर? आईच्या आठवणीने झुरणार नाही ना?"

"ती?" बाई हसल्या. "मागे आईबाप महिनाभर गावाला गेले होते. एकदा विचारलं, आठवण येते का. तर म्हणाली, घर किती शांत झालंय. असल्या पोरीकडून तुम्ही मायेची काय अपेक्षा करणार?"

चंद्रभागाबाईंनी पदर सावरला. मग "बरं झालं स्पष्ट बोललात," एवढंच म्हणून उठल्या. मोडलं, बाईंनी मनात म्हटलं. त्यांना हायसं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. शेजाऱ्याच्या घरात असं बिब्बा घालणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. कांताबाईंना तोंड कसं दाखवायचं, या विचारात त्या पाहुणीच्या मागोमाग समोर गेल्या.

"काय म्हणतात बाई?" नागोरावांनी बायकोला विचारलं.

"हट्टी आहे म्हणतात. कुणाचं ऐकत नाही. करपलेलं खाते. आणि आईबापांची आठवणसुद्धा काढत नाही."

कांताबाईंचा चेहरा उतरला. भीमराव जमिनीकडे बघत राहिले. दीपालीने पहिल्यांदाच मान वर करून बाईंकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पोरीच्या भल्यासाठीच केलं, असं त्या मनाला बजावत होत्या, पण मन ऐकत नव्हतं.

"मागच्या दोघी फार गुणी होत्या," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "शांत, आज्ञाधारक. शेजाऱ्यांनी तोंडभरून कौतुक केलं होतं. आणि तिकडे थंडी पडली तशा दोघीही आईसाठी रडत परत आल्या."

नागोरावांनी रिकामी बशी खाली ठेवली आणि ते पहिल्यांदाच मोकळं हसले.

"भीमराव, आमच्या ट्रस्टची यंदाची शिष्यवृत्ती दीपालीलाच. विद्यापीठाला आजच कळवा, ही शिकायला येतेय म्हणून."